गढीची किंमत

बँकेच्या कर्जअर्जात एक रकाना असतो, 'स्थावर मालमत्ता व तिची अंदाजे किंमत'. १९८७ सालची गोष्ट. बीड जिल्ह्यातल्या एका शाखेत मी शेती कर्जाचे काम पाहत होतो. विहिरीच्या कर्जासाठी एका देशमुखांचा अर्ज आला, म्हणून पाहणीला गेलो. गावाच्या डोक्यावर गढी. चार बुरुजांपैकी दोन धड, तिसरा निम्मा. दिंडीतून वाकून आत गेलो तर चौसोपी वाडा, सागवानी खांब आणि सोप्यात मध्येच घातलेल्या विटांच्या भिंती. तीन भाऊ, तीन चुली.

अर्जदाराच्या आई माजघराच्या दारातून म्हणाल्या, "साहेब, रान घ्या लिहून, पण गढीचं नाव काढू नका. मामंजींना शब्द दिलेला हाय."

मी तरुण होतो आणि परिपत्रके पाठ होती. म्हणालो, "काकू, काळजी करू नका. गावठाणातलं जुनं मातीचं बांधकाम बँक तारण घेतच नाही. आमच्या हिशेबी गढीची किंमत शून्य."

काकू आत निघून गेल्या. चहा आला, पण तो दुसऱ्याच कुणी आणून ठेवला. पुढे कर्ज मंजूर झाले, विहिरीला पाणी लागले, हप्तेही वेळेवर आले. तो शून्य मात्र माझ्या डोक्यातून आजतागायत गेलेला नाही. मी खोटे बोललो नव्हतो. पण खरे तरी बोललो होतो का?

गढी उभी राहायची ती मातीवर नव्हे, वसुलीवर. परगण्याचा देशमुख रयतेकडून सारा गोळा करी, सरकारात भरी आणि आपला हक्क ठेवून घेई. धान्य पेवात, माणसे तटाच्या आत. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी १८६५ साली जिल्हाबंदी केली, पगारी अंमलदार नेमले आणि वसुली देशमुखांच्या हातून गेली. उरले ते रुसूम आणि जमिनी. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामी संपली. १९४९ साली जहागिऱ्या खालसा झाल्या, १९५० च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले आणि महाराष्ट्रात आल्यावर १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला. हा सगळा इतिहास मी पुस्तकाआधी वाचला तो १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकात. मराठवाड्यातल्या जमिनीचा दाखला काढायचा तर आजही बोट तिथेच जाऊन टेकते.

देशमुखांहून मोठा दाखला हवा तर निंबाळकरांकडे पाहावे. मूळचे हे फलटणचे घराणे, शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई यांचे माहेर. अठराव्या शतकात निंबाळकरांपैकी काही मातब्बर सरदार शाहू महाराजांचा पक्ष सोडून निजामाकडे गेले. रंभाजींना 'रावरंभा' हा किताब मिळाला. सुलतानजींचे नाव बीडशी जोडले गेले. बीडच्या टेकडीवरचे खंडोबाचे देऊळ त्यांनीच बांधले असे सांगतात. बीड जिल्ह्याच्या शिवेलगत, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला निंबाळकरांचा मोठा वाडा होता आणि १७४५ च्या सुमारास त्यांनी तिथे चिरेबंदी किल्ला बांधला. मार्च १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाला गाठले, तेव्हा पळता निजाम आसऱ्याला गेला तो याच किल्ल्यात. मराठा सरदाराने बांधलेला तट मराठ्यांच्याच तोफांपासून निजामाला आडोसा देत होता! किल्ला आजही उभा आहे. वाडा मात्र इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरातच पडका म्हणून नोंदलेला आहे. तिकडे फलटणचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले, म्हणून तिथला राजवाडाही टिकला. एकाच आडनावाची दोन घरे. जिथली आवक चालू राहिली ते उभे राहिले.

निवृत्तीनंतर आयर्लंडच्या जमीनदारांविषयी वाचत असताना मला हीच गढी पुन्हा भेटली. गॉलवे परगण्यात कूल पार्क नावाची एक हवेली होती. १७६८ साली ती जमीन घेतली रॉबर्ट ग्रेगरी याने, आणि त्याने पैसा कमावला होता हिंदुस्थानात, ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत. म्हणजे त्या हवेलीच्या पायात आपल्याकडचाही एखादा दगड असणार. पुढे बटाट्याच्या रोगाने आयर्लंडात भीषण दुष्काळ पडला. १८४७ साली याच घराण्यातल्या विल्यम ग्रेगरीने पार्लमेंटात कायद्याला एक कलम जोडून घेतले : पाव एकराहून अधिक जमीन धरून असलेल्या कुळाला सरकारी मदत नाही. पोट भरायचे तर जमीन सोडा. हजारोंनी सोडली.

याच विल्यमची पत्नी लेडी ग्रेगरी. तिने आयरिश लोककथा गोळा केल्या, राष्ट्रीय नाट्यगृह उभारण्यात पुढाकार घेतला, येट्ससारख्या कवीला वर्षानुवर्षे घरी ठेवून घेतले. एकाच छपराखाली ते कलमही आणि ही कविताही. १९०३ च्या कायद्याने सरकारने कुळांना कर्ज दिले आणि जमीनदारांची जमीन विकत घ्यायला लावली. वार्षिक हप्ता सव्वातीन टक्के, मुदत साडेअडुसष्ट वर्षे! असा कर्जअर्ज माझ्या टेबलावर कधी आला नाही. पुढे १९३२ साली डी व्हॅलेराच्या सरकारने हे हप्ते इंग्लंडला देणे थांबवले, तेव्हा थकबाकीदार झाला तो अख्खा देशच. स्वातंत्र्याच्या धामधुमीत अशा कित्येक हवेल्या जाळल्या गेल्या. कूल पार्क जळली नाही. १९२७ साली ती सरकारला विकली गेली आणि लेडी ग्रेगरी १९३२ साली मरेपर्यंत आपल्याच घरात भाडेकरू म्हणून राहिली. १९४१ मध्ये हवेली पाडली गेली. पाहुण्या लेखकांनी ज्याच्या खोडावर आपली आद्याक्षरे कोरली ते झाड तेवढे राहिले.

तिथे आणि इथे एक फरक आहे. तिकडे घर आणि जमीन बहुधा थोरल्या मुलाकडे जाई, म्हणून हवेली एकदम पडली. आपल्याकडे वडीलपणाचा मान थोरल्याचा, पण वाटणी सगळ्यांची. त्यामुळे गढी पिढीपिढीने आतून पडत गेली, एकेका चुलीमागे एकेक भिंत. आणि लेकींच्या वाट्याला काय, तर हक्कसोड पत्रावरचा अंगठा. अशी पत्रे मी नोकरीत किती पाहिली याची गणती नाही.

गेल्या वर्षी त्या गावी पुन्हा गेलो. काकू जाऊन बरीच वर्षे झाली. गढीच्या जागी बाभळी आणि एक टेकाड. माती गावाने नेली. गढीची पांढरी माती धाब्यावर टाकली तर घर गळत नाही आणि रानात टाकली तर पीक जोरात येते, हे मराठवाड्यात कोणीही सांगेल. पारावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "आमच्या आज्यानं डोक्यावर वाहिली व्हती साहेब ती माती. शेरभर जवारीवर. आम्ही टॅक्टरनं माघारी आणली, एवढंच."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मला काकूंचा शब्दही आठवला आणि या आज्याचे डोकेही. दोन्ही खरे. गढीच्या किमतीत दोन्ही धरायला हवे होते आणि माझ्या रकान्यात एकालाही जागा नव्हती.

अर्जदार देशमुख आता माझ्यासारखेच म्हातारे झालेत. त्यांनी ट्रंकेतून मोडी कागदांचा रुमाल काढून दाखवला. अर्धे वाळवीने खाल्लेले. "रद्दीवाला नेईना, सरकारात कुठं द्यावं कळंना," म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून तो उन्हात पसरला. मोडी वाचणारा एक मुलगा शोधला आहे. तो पुढच्या महिन्यात येईल. त्याच दिवशी पारावरच्या म्हाताऱ्यालाही बोलावले आहे. कागदात वसुली असेल, वेठ नसेल. ती त्याच्याकडून लिहून घ्यायची आहे.

तुमच्या घरात असा रुमाल असेल तर तो जाळू नका. आणि रुमाल नसेल, तर ज्यांच्या आज्याने माती वाहिली ते तुम्ही असाल. मग तर लिहाच.