दहा मिनिटांचा अंतराळप्रवास

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर संध्याकाळी उभे राहिले, की समोर अरबी समुद्र पसरलेला दिसतो. तो अथांग वाटतो खरा. परंतु त्याचा फारच थोडा भाग आपल्या दृष्टीच्या टप्प्यात असतो. पृथ्वी वाटोळी असल्यामुळे किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मुलाचे क्षितिज अवघ्या चार-साडेचार किलोमीटरांवर संपते. तोच मुलगा रत्नदुर्गाच्या बुरुजावर चढला, की ते क्षितिज कितीतरी दूर सरकते. आता अशी कल्पना करा, की आपण तेथून सरळ वर 100 किलोमीटर उंचीवर गेलो आहोत. आपली नजर सुमारे 1,100 किलोमीटरपर्यंत पोहोचेल! आकाश निरभ्र असेल, तर एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस, सह्याद्री व दख्खनचे पठार यांच्या पलीकडे, बंगालचा उपसागर असे दोन्ही समुद्र एकाच जागेवरून दिसतील.

100 किलोमीटर हे अंतर तसे फार नाही. रत्नागिरीपासून कोल्हापूर सरळ रेषेत मोजले, तर जवळजवळ तेवढेच भरते. आंबा घाटातून जाणारी एस.टी. आपल्याला काही तासांत तेथे पोहोचवते. परंतु तेवढेच अंतर वर चढून जाणे मनुष्याला 1961 पर्यंत साधले नव्हते. या उंचीपासून अंतराळ सुरू होते, असे सर्वसाधारणपणे मानतात. अमेरिकेत मात्र सुमारे 80 किलोमीटरांची सीमा धरण्याची पद्धत आहे.

प्रारंभी तेथे केवळ शिक्षण घेतलेले अंतराळवीरच जात. पुढे 2021 साली, तिकीट काढून थोडा वेळ अंतराळास स्पर्श करून परत येण्याचे युग सुरू झाले. त्या वर्षी 20 जुलै रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यातून ‘न्यू शेपर्ड’ नावाचे यान प्रथमच माणसे घेऊन उडाले. ते बनविणाऱ्या अभियंत्यांच्या गटात आपल्या कल्याण शहरातील संजल गावंडे या होत्या. मुंबई विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकून त्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेल्या होत्या. पुढे 19 मे 2024 रोजी याच यानातून गोपी थोटाकुरा हे आंध्र प्रदेशात जन्मलेले वैमानिक प्रवासी म्हणून जाऊन आले.

अशा प्रवासात प्रवाशाला काय अनुभव येतो, ते आता पाहू.

उड्डाणापूर्वी दीड-दोन दिवस प्रवाशांना शिकविले जाते. पट्टे कसे बांधावेत, वजनरहित अवस्थेत कसे वावरावे आणि वेळेवर आसनावर परत कसे यावे, याचा सराव करून घेतात. उड्डाणाच्या दिवशी सहा प्रवासी अग्निबाणाच्या टोकावरील कुपीत बसतात. कुपीत चालक नसतो. यान आपोआप चालते. इंजिन पेटताच कुपी थरथरू लागते. वेग वाढत जातो, तसे प्रवाशाला आपले शरीर जड झाल्यासारखे वाटते. 40 किलोग्रॅम वजनाच्या मुलाला आपले वजन सुमारे 120 किलोग्रॅम झाले आहे, असे वाटेल! वेग ताशी 3,000 किलोमीटरांहून अधिक होतो. अडीच मिनिटांच्या आत इंजिन बंद पडते, कुपी अग्निबाणापासून सुटी होते आणि एकाएकी सर्वत्र शांतता पसरते.

मग प्रवासी पट्टे सोडतात आणि अलगद तरंगू लागतात. अनेकांना वाटते, की इतक्या उंचीवर पृथ्वीचे आकर्षण नाहीसे होत असावे. तसे मुळीच नाही. 100 किलोमीटर उंचीवर ते केवळ तीन टक्क्यांनी कमी होते. मग माणसे तरंगतात कशी? तुम्ही पोहण्यासाठी विहिरीच्या काठावरून उडी टाकली असेल. पाण्याला स्पर्श होईपर्यंतच्या त्या क्षणी शरीर अगदी हलके वाटते. कारण त्याला खालून आधार देणारे काहीच नसते. कुपीचेही तसेच होते. वर फेकलेल्या चेंडूप्रमाणे ती काही वेळ वर जाते आणि मग खाली येते. कुपी व प्रवासी सारख्याच गतीने जात असल्यामुळे प्रवाशाचा भार आसनावर पडत नाही. ही अवस्था तीन-चार मिनिटे टिकते.

तेवढ्या वेळात मोठ्या खिडक्यांतून बाहेर पाहून घ्यायचे असते. भर दिवसा आकाश काळेभोर दिसते. कारण सूर्यप्रकाश विखुरणारी हवा तेथे जवळजवळ नसते. खाली पृथ्वीची कड वाकलेली दिसते, आणि तिच्यावर हवेचा निळसर, पातळ पदर! ज्या हवेवर सर्व प्राणिमात्रांचे जीवन अवलंबून आहे, ती किती थोडी आहे, हे तेथे डोळ्यांना दिसते.

परतीच्या वाटेवर दाट हवेत शिरताना कुपीचा वेग झपाट्याने कमी होतो, तेव्हा प्रवाशाला आपले वजन काही क्षण पाचपट झाल्यासारखे वाटते. मग तीन मोठ्या हवाई छत्र्या उघडतात आणि कुपी धुळीचा लोट उडवीत जमिनीवर टेकते. सारा प्रवास दहा-अकरा मिनिटांचा!

पृथ्वीभोवती फिरत राहण्यासाठी मात्र ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेग लागतो. 1984 साली राकेश शर्मा आणि 2025 साली शुभांशु शुक्ला यांनी तसा प्रवास केला. त्यासाठी दीर्घकाळ शिक्षण घ्यावे लागते.

हा छोटा प्रवासही निर्धोक नाही. 2014 साली दुसऱ्या एका कंपनीचे असेच यान चाचणीच्या वेळी मोडून एक वैमानिक मृत्युमुखी पडला. 2022 साली न्यू शेपर्डच्या एका उड्डाणात इंजिन बिघडले. त्यात माणसे नव्हती, आणि संकटकाळी सुटण्याच्या योजनेमुळे कुपी सुखरूप उतरली. थोटाकुरा यांच्या प्रवासात एक छत्री पुरती उघडली नाही. परंतु उरलेल्या दोन छत्र्यांनी काम भागविले. ‘एक निकामी झाले, तर दुसरे हाताशी असावे,’ हा विचार अभियंत्यांनी आधीच केला होता. तिकीटही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. एका कंपनीने 2021 साली ते 4,50,000 डॉलर ठरविले होते.

त्या पहिल्या उड्डाणात वॉली फंक नावाच्या 82 वर्षांच्या वैमानिक बाई होत्या. 1961 साली त्या अंतराळवीरांच्या वैद्यकीय कसोट्यांसारख्याच कसोट्यांत उतरल्या होत्या. परंतु त्या काळी स्त्रियांना अंतराळवीर म्हणून घेत नसत. त्यांनी साठ वर्षे ती आकांक्षा जपली आणि अखेर दहा मिनिटांसाठी ती पुरी झाली.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी एखाद्या दिवशी अशा कुपीत बसेल. कोणी ती कुपी घडवील. बसणाऱ्याचा प्रवास दहा मिनिटांत संपेल. पण त्याला सुखरूप खाली आणणाऱ्यांचे काम मात्र अनेक वर्षे आधी सुरू झालेले असेल.