सर्पगंधा, रक्तदाब आणि वृक्क

सर्पगंधा आम्हां वैद्यांस नवी नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ती देऊन १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले आणि तिची कीर्ती जगभर पोहोचली. १९५२ साली तिच्या मुळातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. मज्जापेशींतील सूक्ष्म पिशव्यांत नॉरअ‍ॅड्रिनॅलिन साठते. रेसर्पिन ही साठवण रोखते, म्हणून रक्तवाहिन्या सैलावतात. त्याच क्रियेने मनास खिन्नताही येऊ शकते.

वाढलेला दाब वृक्कांतील केशवाहिन्यांचे गुच्छ झिजवितो. झिजलेली वृक्के मीठ व पाणी धरून ठेवतात आणि दाब आणखी चढतो. हे दुष्टचक्र बहुधा वेदनेवाचून चालते. आपल्या मालवण किनाऱ्यावर तर खारवलेली सुकी मासळी, लोणची व मिठाचे आगळ नित्याचे. तेव्हा पथ्य सांगताना केवळ ‘वरून मीठ घेऊ नका’ एवढे पुरत नाही.

सर्पगंधा योजण्यापूर्वी व नंतर रक्तदाब मोजावा, मूत्रातील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे, खिन्नतेचा पूर्वेतिहास विचारावा आणि रुग्णाची चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. डॉ. वकील यांनी परंपरागत औषध मोजून पाहिले; तोच त्यांचा धडा आम्हांस मोलाचा वाटतो.