पेशी पाऱ्याला तोंड कशी देते?

ठाणे स्थानकाच्या पूर्वेला कोपरी आहे. तेथून मिठबंदराच्या रस्त्याने गेले की ठाण्याची खाडी लागते. ओहोटीला तिवरांच्या मुळांशी काळा चिखल उघडा पडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा वास गंधकाच्या एका संयुगाचा, हायड्रोजन सल्फाइडचा. गंधक लक्षात ठेवा, कारण आजची सारी हकीकत त्याच्याभोवती फिरणार आहे.

या चिखलात पाराही आहे. खाडीच्या पलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात जे रासायनिक कारखाने उभे राहिले, त्यांत कॉस्टिक सोडा बनवणारा कारखानाही होता. जुन्या पद्धतीत मिठाच्या पाण्यातून वीज सोडत आणि सुटणारे सोडियम पाऱ्याच्या थरात विरघळवून घेत. मग पाण्याशी क्रिया होऊन सोडा तयार होई आणि पारा पुन्हा वापरात येई. हिशेबाने पारा खर्च व्हायला नको. प्रत्यक्षात तो थोडाथोडा सांडपाण्यातून जात राही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातील शास्त्रज्ञांनी खाडीच्या गाळाचे उभे नमुने काढून तपासले.  कारखान्याच्या सांडपाण्याजवळच्या गाळात पाऱ्याची जणू दैनंदिनीच लिहिलेली होती. कल्याणकडे उल्हास नदीच्या खाडीतही असा पारा सापडला आहे. पुढे देशातील कारखान्यांनी पाऱ्याऐवजी पटलाची पद्धत स्वीकारली, पण गाळात गेलेला पारा नाहीसा होत नाही. तो मूलद्रव्यच आहे, कुजणार कसा?

हा पारा जिवंत पेशीत शिरला तर काय होते? उत्तर रसशाळेतल्या खलात सापडेल. पारा आणि गंधक एकत्र खलले की काळी कज्जली तयार होते. खाणीतला तांबडा हिंगूळही पारा-गंधकाचेच संयुग. पाऱ्याला गंधकाची इतकी ओढ आहे की गंधकयुक्त संयुगांच्या एका कुळाला रसायनशास्त्रज्ञांनी ‘मरकॅप्टन’, म्हणजे पारा पकडणारे, असेच नाव दिले.

आता आपल्या पेशीतील प्रथिने पाहा. त्यांच्या साखळीत सिस्टीन नावाचे एक ॲमिनो अम्ल असते आणि त्याच्या टोकाला गंधक व हायड्रोजन यांची जोडी असते. अनेक एन्झाइमांचे काम याच जोडीवर चालते. पारा येतो, हायड्रोजनला हुसकावून गंधकाला चिकटतो, आणि एन्झाइम निकामी होते. एखाद्या कुलपात कुणी मेण भरावे तसे.

गंमत अशी की पेशीचा बचावही याच ओढीवर उभा आहे. शत्रूला जे हवे तेच त्याच्या वाटेत मांडून ठेवायचे! पेशीत ग्लुटाथायोन नावाचा एक छोटा रेणू विपुल असतो. तीन ॲमिनो अम्लांचा हा रेणू, मधले सिस्टीन. त्याचे दोन रेणू मिळून पाऱ्याच्या एका आयनाला दोन्ही बाजूंनी धरतात आणि पेशीच्या पटलातील पंप ही जोडगोळी बाहेर टाकतात.

त्याच्या मागे दुसरी फळी आहे. १९५७ साली मार्गोशेस आणि व्हॅली या शास्त्रज्ञांना घोड्याच्या मूत्रपिंडात एक विलक्षण प्रथिन मिळाले. साठाहून थोड्या अधिक ॲमिनो अम्लांच्या या साखळीत तब्बल वीस सिस्टीन असतात. त्याचे नाव मेटॅलोथायोनिन. एरवी ते जस्ताचे आयन, एका वेळी सातपर्यंत, सांभाळून बसलेले असते. पारा आला की तो जस्ताला ढकलून त्याची जागा घेतो. बिचारे जस्त मोकळे होते, पण वाया जात नाही. ते दुसऱ्या एका प्रथिनावर जाऊन बसते, ते प्रथिन केंद्रकातील जनुकाला चालना देते, आणि आणखी मेटॅलोथायोनिन तयार होऊ लागते. चोराने ज्याला घराबाहेर काढले, त्यानेच गाव जागा करावा, असा हा प्रकार. मला तर पेशीची सर्वांत चतुर युक्ती हीच वाटते.

मूत्रपिंडात हे प्रथिन भरपूर बनते आणि पाराही तेथेच साठतो. म्हणजे हा निचरा नव्हे, बंदिवास आहे. पारा फार झाला की तुरुंग अपुरा पडतो आणि मूत्रपिंडच बिघडते.

जीवाणूंना बंदिवास परवडत नाही. ते पाऱ्याला हद्दपार करतात. त्यांच्या जनुकांच्या एका संचावर एक पहारेकरी प्रथिन बसलेले असते. पारा त्याच्या तीन सिस्टीनमध्ये अडकला की संच चालू होतो. मग एक एन्झाइम पाऱ्याच्या आयनाला दोन इलेक्ट्रॉन देते, त्याचा साधा पारा बनतो आणि वाफ होऊन उडून जातो. ही जनुके एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एन. रामय्या आणि जयशंकर डे यांनी २००३ साली दाखवले, की भारताच्या किनाऱ्यावरील पाण्यात पाऱ्याला दाद न देणारे जीवाणू काही वर्षांतच झपाट्याने वाढले आहेत. अर्थात उडालेला पारा हवेत जातो आणि पावसाबरोबर कुठेतरी पुन्हा खाली येतो.

पण त्याच चिखलात, जेथे ऑक्सिजन पोचत नाही तेथे, दुसरे जीवाणू उलटे काम करतात. ते पाऱ्याला मिथिल गट जोडून मिथिल-पारा बनवतात. तो प्लवकांतून कोळंबीत, कोळंबीतून लहान माशात, तेथून मोठ्या माशात असा चढत जातो आणि प्रत्येक पायरीला त्याचे प्रमाण वाढते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली जी व्याधी उघडकीस आली ती यानेच झाली होती. तेथील कोळी कुटुंबे रोजचे मासे खात होती, एवढेच त्यांचे चुकले.

या रूपापुढे पेशीची तटबंदी थिटी पडते. मिथिल-पारा सिस्टीनला चिकटला की ती जोडी मेथिओनिन या उपयुक्त ॲमिनो अम्लासारखी दिसते. मेंदूचा दरवाजा तिला आपले माणूस समजून आत घेतो. वारेतून ती गर्भापर्यंतही पोचते, आणि घडत असलेल्या मेंदूला सर्वाधिक इजा होते. ग्लुटाथायोन येथेही झटते, पण पित्तातून आतड्यात टाकलेला मिथिल-पारा बराचसा पुन्हा रक्तात शोषला जातो. शरीरातील साठा निम्मा व्हायला सुमारे दोन महिने लागतात.

त्यातला थोडा भाग केसांतून बाहेर पडतो. केसाचे केराटिन हे प्रथिन सिस्टीनने समृद्ध असते, तेव्हा वाढत्या केसात पारा अडकून राहतो. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणून तपासणीसाठी शास्त्रज्ञ माणसाच्या डोक्यावरचा एक लांब केस मागतात, त्याचे सेंटिमीटरचे तुकडे करतात, आणि कोणत्या महिन्यात त्याच्या ताटातल्या माशांतून किती पारा शरीरात गेला, हे वाचून काढतात.