मोकळे सूर – भाग 9 : चाल मोकळी, साज राखीव

स्वरलिपी एकाने उतरवली की दुसरा ती कशी तपासतो, हे आज सांगायचं ठरलं होतं. तो भाग पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण नाशिकच्या एका वाचक बाईंनी विचारलेला प्रश्न चार ओळींत आटोपण्यासारखा नाही. त्या चर्चच्या हौशी क्वायरमध्ये आल्टो गातात. यंदा निवडलेल्या कॅरल सगळ्या जुन्या, बहुतेक शंभरी ओलांडलेल्या. गाणारे विसावर आणि पुस्तक एकच. बाई विचारतात, ‘गाणं इतकं जुनं, मग त्या पानांच्या झेरॉक्स काढायला हरकत काय? आणि तिथे हरकत असेल, तर गायलाही आहे का?’

गाण्याचं आधी सांगतो, कारण तिथे कायदा आपल्या बाजूने आहे. भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 म्हणतं की हौशी मंडळाने तिकीट न लावता श्रोत्यांपुढे संगीतरचना सादर केली, किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केली, तर तो हक्कभंग होत नाही. तेव्हा नाताळच्या रात्री चर्चमध्ये मनसोक्त गा. अडचण आहे ती कागदाची. कुणालाही वापरता येतील अशा स्वरलिपी तयार करणारी आमच्यासारखी हौशी माणसं दिवसभराची नोकरी संपवून रात्री कॅरल उतरवत बसतात, ती या कागदासाठीच.

कॅरल एकसंध वाटते, पण तिच्यात अनेक थर असतात आणि प्रत्येक थराचा मालक वेगळा असू शकतो. ‘ओ कम, ऑल यी फेथफुल’च घ्या. चाल आणि मूळ लॅटिन शब्दांशी जॉन फ्रान्सिस वेड यांचं नाव जोडलेलं आहे. ते 1786 साली वारले. इंग्रजी शब्द बहुतांशी फ्रेडरिक ओकली यांचे, 1841 सालचे. इथपर्यंत सगळं मोकळं, म्हणजे कुणाचाही हक्क न उरलेलं. आता शेवटच्या कडव्यात सोप्रानो मूळ चाल सोडून तिच्या वर चढतात, ती झळाळती ओळ आठवा. तिला डेस्कँट म्हणतात. जगभरातल्या क्वायरना ती कॅरलइतकीच जुनी वाटते. प्रत्यक्षात सर्वांत जास्त गायला जाणारा डेस्कँट डेव्हिड विलकॉक्स यांचा आहे आणि तो ‘कॅरल्स फॉर क्वायर्स’ या पुस्तकात 1961 साली छापला गेला. विलकॉक्स 2015 साली गेले. आपल्याकडे रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, म्हणजे ती ओळ भारतात 2075च्या अखेरीपर्यंत राखीव. ब्रिटनमध्ये मुदत 70 वर्षांची, तिथे 2085पर्यंत. याशिवाय ब्रिटिश कायदा पानाच्या छपाईच्या मांडणीलाही प्रकाशनापासून 25 वर्षं वेगळं संरक्षण देतो. चाल, शब्द आणि हार्मनी (म्हणजे चालीला दिलेली इतर आवाजांची साथ) सगळं मोकळं असलं, तरी नव्या पुस्तकाचं पान तिथे तसंच्या तसं उचलता येत नाही.

म्हणून नाशिकच्या बाईंना माझं उत्तर असं : पुस्तकातल्या प्रत्येक गाण्याखालचा बारीक मजकूर वाचा. शब्द कुणाचे, चाल कुणाची, हार्मनी कुणी बांधली, ही नावं तिथे असतात. हार्मनी बांधणाऱ्याला जाऊन 60 वर्षं झालेली नसतील, तर ते पान झेरॉक्सच्या दुकानात नेऊ नका. त्याच कॅरलची मोकळी आवृत्ती शोधा. जुन्या कॅरलपैकी बहुतेकींची ती कुणीतरी केलेली असते.

60 आणि 70 या दोन आकड्यांमुळे आमच्या कामात काय काय घडतं, ते सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. ‘ओ लिटल टाउन ऑफ बेथलेहेम’ हे अमेरिकी पाद्री फिलिप्स ब्रुक्स यांचं गीत 1868 सालचं. अमेरिकेत ते लुईस रेडनर यांच्या चालीवर गातात. इंग्लंडमध्ये मात्र ‘फॉरेस्ट ग्रीन’ ही चाल रुजली. राल्फ व्हॉन विल्यम्स यांना ती 1903 साली सरे परगण्यातल्या फॉरेस्ट ग्रीन गावी एका लोकगीतात सापडली. शेतकरी पोराच्या त्या गाण्याचा ख्रिस्तजन्माशी काही संबंध नव्हता. त्यांनी त्या चालीची हार्मनी बांधली आणि 1906च्या ‘इंग्लिश हिम्नल’मध्ये घातली. लोकगीत तर गावाचं, कुणा एकाचं नाहीच. हार्मनी मात्र व्हॉन विल्यम्स यांची, आणि ते 1958 साली वारले. त्यामुळे भारतात ती हार्मनी 1 जानेवारी 2019पासून मोकळी आहे. अमेरिकेत 1906चं छापील पुस्तक केव्हाच मोकळं झालं. आणि ज्या देशात ती चाल सापडली, तिथल्या माणसाला 2028 संपेपर्यंत थांबायचं आहे! पुण्यात बसून मी जे पान बिनधास्त उतरवू शकतो, तेच लंडनमधला माझ्यासारखाच हौशी माणूस आज उतरवू शकत नाही. 1928च्या ‘ऑक्सफर्ड बुक ऑफ कॅरल्स’चे संगीत संपादक दोघे, व्हॉन विल्यम्स आणि मार्टिन शॉ. शॉ हेही 1958 सालीच गेले. तेव्हा 2029चा पहिला दिवस ब्रिटनमधल्या कॅरलवेड्यांसाठी मोठा सण ठरणार आहे.

हा फरक किती महाग पडू शकतो, ते आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या प्रचंड मोकळ्या संग्रहाने अनुभवलं. एडवर्ड गुओ या विद्यार्थ्याने तो 2006 साली सुरू केला. कॅनडात तेव्हा मृत्यूनंतर 50 वर्षांची मुदत होती आणि संग्रह तिथल्या कायद्याने चालत होता. युरोपात राखीव असलेल्या काही रचना त्यात होत्या, म्हणून व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशन या प्रकाशकाने नोटीस पाठवली. ऑक्टोबर 2007मध्ये सगळा संग्रह बंद झाला आणि जून 2008मध्ये पुन्हा उघडला. आज असा कुठलाही संग्रह स्वरलिपीइतकीच नावं आणि सालं काटेकोर ठेवतो, त्यामागे असे अनुभव आहेत.

मला स्वतःला सर्वांत जास्त रुखरुख लावतं ते ‘इन द ब्लीक मिडविंटर’. क्रिस्तिना रोझेटी यांची ही कविता 1872 साली प्रसिद्ध झाली. तिला गुस्टाव्ह होल्स्ट यांनी 1906 साली दिलेली चाल साधी, सभेतल्या कुणालाही गाता येईल अशी. होल्स्ट 1934 साली वारले, ती चाल आता मोकळी आहे आणि तिच्या कितीतरी हौशी आवृत्त्या झाल्या आहेत. दुसरी चाल हॅरल्ड डार्क यांची, 1911 सालची. आधी एकटा आवाज आणि खाली ऑर्गन, मग हळूहळू सगळा क्वायर. माझ्या मते डार्क यांची चाल त्या कवितेच्या कितीतरी अधिक जवळ जाते, कारण तिच्यात प्रत्येक कडव्याला वेगळा श्वास आहे. पण डार्क दीर्घायुषी, ते 1976 साली गेले. भारतात ती 2037 उजाडल्यावर मोकळी होईल, ब्रिटनमध्ये 2047 उजाडल्यावर. तोवर तिच्या छापील प्रती विकत घ्यायच्या, आणि त्या जरूर घ्याव्यात.

मग मोकळी आवृत्ती तयार होते कशी? जुनं, खात्रीचं छापील पुस्तक शोधून. माझा पहिला आधार ब्रॅमली आणि स्टेनर यांचा ‘ख्रिसमस कॅरल्स न्यू अँड ओल्ड’. जॉन स्टेनर 1901 साली वारले, तेव्हा त्यांच्या हार्मनी निर्धास्त वापराव्यात. स्वर त्यातून घ्यायचे, पान मात्र आपण नव्याने मांडायचं आणि तळाशी सगळी नावं-सालं लिहायची. डेस्कँट हवा असेल तर तो स्वतः रचायचा. इथे हौशी माणसांची खरी करामत दिसते. रफाएल ऑर्नेस यांनी 1998च्या डिसेंबरात सुरू केलेल्या कोरल पब्लिक डोमेन लायब्ररीमध्ये लोक स्वतःच्या रचना, स्वतःच्या हार्मनी खुशाल प्रती काढायच्या परवानगीसह ठेवतात. आपल्या क्वायरमध्ये टेनर दोनच आहेत म्हणून कुणी तीन आवाजांची मांडणी करतो, कुणी लहान मुलांसाठी स्वर खाली आणतो. मोठा प्रकाशक अशा गरजांसाठी पुस्तक काढणार नाही.

नवं यात फक्त साधन आहे, उतरवून वाटून घेण्याची रीत जुनीच. अठराव्या शतकात अँग्लिकन चर्चमध्ये नाताळसाठी जवळजवळ एकच गीत अधिकृत होतं, मेंढपाळांच्या रात्रीचं, नेहम टेट यांचं, 1700 सालचं. शब्द बदलता येत नव्हते, म्हणून खेडोपाडीच्या गाणाऱ्यांनी त्याला डझनावारी चाली दिल्या आणि एकमेकांच्या वह्यांतून हाताने उतरवून घेतल्या. कँटरबरीचे थॉमस क्लार्क धंद्याने चांभार. त्यांची 1805 साली छापलेली ‘क्रॅनब्रुक’ ही चाल या गीताला चिकटली, आणि पुढे यॉर्कशरचं जवळजवळ राष्ट्रगीत झालेलं ‘इल्कली मूर’चं गाणंही तिच्यावरच गायलं जाऊ लागलं. एकोणिसाव्या शतकात चर्चमध्ये ऑर्गन आला आणि सज्ज्यात फिडल, बासून वाजवणारी मंडळी बाहेर पडली. टॉमस हार्डी यांची ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ ही 1872ची कादंबरी याच घालमेलीवर आहे; त्यांचे आजोबा आणि वडील स्वतः असे वादक होते. शेफील्डच्या आसपास या चाली पबमध्ये टिकल्या. डंगवर्थसारख्या गावांत नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत लोक अजून त्या गातात.

आपल्याकडच्या वह्यांचं काय, हा विचार मला हे लिहिताना सोडत नाही. नारायण वामन टिळक 1919 साली गेले, त्यांचे शब्द केव्हाच मोकळे आहेत. पण गावोगावच्या मराठी क्वायर जी नाताळगीतं गातात, त्यांच्या चाली आणि हार्मनी बऱ्याचदा कुणा मास्तरांनी वहीत उतरवलेल्या असतात, आणि नाव-साल नसेल तर अशी रचना संग्रहात घेता येत नाही. वसई, अहमदनगर, पुणे, कुठेही असो, तुमच्या चर्चच्या कपाटात अशी वही असेल तर तिच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा, अगदी कोऱ्या दिसणाऱ्या पानांचेही. आणि ज्यांनी ती चाल पहिल्यांदा गायली, त्यांच्यापैकी कुणी हयात असेल तर मास्तरांचं पूर्ण नाव आणि ते कुठल्या साली वारले, तेवढं या नाताळला विचारून घ्या. तपासणीचा भाग पुढच्या शनिवारी.