बैलगाडी ते साखर कारखाना: इंग्रजी शब्दांची प्राचीन मुळे

नांदेड-लातूरच्या बाजारात रोज कानावर पडणारे कॉटन, शुगर, सोया हे शब्द इंग्रजी म्हणून ओळखले जात असले, तरी त्यांतल्या एकाचेही मूळ इंग्लंडात नाही. आणि शिवारातल्या बैलगाडीचे जू व चाक हे अस्सल मराठी वाटणारे शब्द मात्र इंग्रजीचे रक्ताचे नातलग आहेत. शब्दांची मूळ रूपे आणि त्यांचे बदलत गेलेले अर्थ शोधणाऱ्या व्युत्पत्तिशास्त्राच्या मते दोन भाषांतल्या अशा नात्याची मुख्य कारणे दोन असतात: एक तर शब्द एकाच पूर्वज भाषेतून वारशाने आलेले असतात, नाही तर ते मालाबरोबर आणि माणसांबरोबर एका भाषेतून दुसरीत उसने गेलेले असतात. हा भेद न पाळल्यामुळेच ‘मदर’ हा शब्द ‘मातृ’पासून निघाला आणि म्हणून इंग्रजी ही संस्कृतची लेक आहे, असा समज आजही सर्रास आढळतो.

वास्तविक या दोन भाषा मायलेकी नसून दूरच्या बहिणी आहेत. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत 1786 साली दिलेल्या व्याख्यानात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून फुटल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले, आणि पुढच्या शतकात अभ्यासकांनी त्या लुप्त मूळ भाषेला भारोपीय हे नाव देऊन तिचे शब्द तुलनेने उभे केले. लाल कंधारी आणि देवणी या गोवंशांसाठी प्रसिद्ध असलेल्या या मुलखात त्या वारशाचा दाखला गोठ्यातच सापडतो. संस्कृत ‘गो’ आणि इंग्रजी ‘काउ’, संस्कृत ‘युग’ म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू आणि इंग्रजी ‘योक’, या दोन्ही जोड्यांत संस्कृतातल्या ‘ग’च्या जागी इंग्रजीत ‘क’ दिसतो, आणि तो योगायोग नव्हे. इंग्रजी व जर्मन ज्या कुळातल्या आहेत त्या कुळात मूळचा ‘ग’ नियमाने ‘क’ झाला, हे याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये इतर व्यंजनांसह सूत्रबद्ध केले. इकडे प्राकृतात ‘युग’मधल्या आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ झाला, मधला ‘ग’ गळाला आणि मराठीला ‘जू’ मिळाले. गाडीचा आख किंवा आस (पृथ्वीचा आस म्हणतात तो हाच शब्द) संस्कृत ‘अक्ष’पासून आला असून इंग्रजी ‘ॲक्सल’ त्याच मूळ धातूचा आहे. ‘चक्र’ आणि ‘व्हील’ कानाला कितीही वेगळे वाटले, तरी तेही एकाच शब्दाचे वंशज आहेत. चाकाच्या गाड्यांचे सर्वांत जुने भक्कम पुरावे इ.स.पूर्व चौथ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातले असल्यामुळे, जू, आख, चाक हे शब्द ज्या भाषेत होते ती भारोपीय भाषा चाकाचा शोध लागल्यानंतरही एकसंध बोलली जात होती, असे अनुमान बहुसंख्य अभ्यासक काढतात. लिखित ओळ एकही न उरलेल्या भाषेचा काळ बैलगाडीच्या सुट्या भागांवरून ठरवता यावा, ही या शास्त्राची मोठीच कमाई म्हटली पाहिजे.

साखरेची गोष्ट याहून निराळी आहे, कारण तिथे वारसा नसून उसनवार आहे. संस्कृतात ‘शर्करा’ म्हणजे मुळात वाळू, खडी. उसाचा रस आटवून केलेल्या दाणेदार पदार्थाला रूपसाम्यावरून तेच नाव पडले. हा शब्द प्राकृतातून मराठीत ‘साखर’ झाला, तर पश्चिमेकडे फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, पुढे मध्ययुगीन लॅटिन आणि फ्रेंच अशी वळणे घेत इंग्रजीत ‘शुगर’ होऊन पोचला. मांजरा काठच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या मालाचे मराठी आणि इंग्रजी नाव असे मुळात एकच आहे. त्याहून नवलाची बाब म्हणजे गुळासाठी वापरला जाणारा ‘जॅगरी’ हा शब्दही याच ‘शर्करे’चा, फक्त तो मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी उचलला आणि त्यांच्याकडून इंग्रजीत गेला. ‘कँडी’ ही संस्कृत ‘खंड’ या शब्दाची, म्हणजे आपल्या खांडसरीच्या घरचीच.

या प्रवासात फारसी-अरबीने केलेली मध्यस्थी मराठवाड्याला परकी वाटण्याचे कारण नाही. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या या भागात तहसील, महसूल, हासिल हे ‘मिळवणे, गोळा करणे’ अशा अर्थाच्या एकाच अरबी धातूपासून बनलेले तीन शब्द शेतकऱ्याच्या तोंडी सहज असतात, तर ‘खरीप’ आणि ‘रब्बी’ यांचे अरबीतले अर्थ अनुक्रमे शरद आणि वसंत ऋतू असे आहेत.

‘नांदेड-44’ या संकरित कापूस वाणामुळे गावाचे नाव शेतोशेती पोचलेल्या नांदेडात ‘कॉटन’ या शब्दाकडेही असेच पाहावे लागते. तो अरबी ‘कुत्न’पासून स्पेन-फ्रान्समार्गे इंग्रजीत गेला, तर मराठी ‘कापूस’ संस्कृत ‘कार्पास’पासून आला, तेव्हा येथे दोन्ही नावांची मुळे वेगळी आहेत. मात्र ‘कार्पास’ही परदेशी गेला होताच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कापसाला ‘कार्पासॉस’ म्हटले आहे, आणि त्याच ग्रंथात तगर, म्हणजे लातूरला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, येथून भरपूर कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जाते, अशीही नोंद आहे. सोयाबीनमधला ‘सोया’ मात्र पूर्वेकडचा: जपानी ‘शोयू’ या सॉसच्या नावावरून डच व्यापाऱ्यांनी तो युरोपात नेला.

कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ 1946 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानंतर शेतीचा व्यवहार पार बदलला. ट्रॅक्टर आणि टायरच्या गाड्यांमुळे जुन्या बैलगाडीच्या भागांची नावे आता मुख्यतः वयस्कर सुतार-लोहारांच्या आणि शेतकऱ्यांच्याच तोंडी उरली आहेत. कंधार, देवणी, उदगीर, देगलूर या तालुक्यांतल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी ती नावे त्या त्या गावच्या उच्चारासह आणि ज्या भागाला ती लावली जातात त्याच्या चित्रासह नोंदवून घ्यावीत. हे काम पुढच्या पिढीवर ढकलता येण्याजोगे नाही.