नावांची दुसरी वही

गेल्या दिवाळीनंतर नांदेडहून उमरीला येताना रेल्वेच्या गर्दीत माझा फोन गेला. नवे सिमकार्ड मिळाले, जुना क्रमांकही परत आला; पण नावे आली नाहीत. ऊसतोडीला गेलेल्या काकांचा क्रमांक त्या फोनखेरीज घरात कोठेच नव्हता. आठ दिवसांनी काकांनीच फोन केला. तोवर आजी धड जेवली नाही.

चूक माझीच होती. नवे नाव नोंदविताना ते सिमवर, फोनवर की गूगल खात्यात ठेवायचे, हे आपणच ठरवायचे असते. फोनवरचे नाव फोनबरोबर जाते. नवे सिम तर कोरेच मिळते. खात्यातल्या नावाची प्रत मात्र इंटरनेटवरून गूगलच्या संगणकांत जाते. नव्या फोनवर तेच खाते उघडले की सारी यादी उतरते. यालाच क्लाउड म्हणतात. नाव ढगाचे, पण यंत्रे जमिनीवरचीच! आयफोनमध्ये हे काम आयक्लाउड करते.

येथे एक सावधगिरी हवी. फोनमध्ये पुसलेले नाव खात्यातूनही पुसले जाते. गूगलच्या कचरापेटीत ते ३० दिवस राहते. तेवढ्यात परत घ्यावे. दुसरी मेख कुलपाची. खाते उघडण्याचा संकेतांक हरवलेल्या फोनवरच येणार असेल, तर प्रत असून नसल्यासारखीच. म्हणून गूगल देते ते राखीव संकेतांक कागदावर उतरवून घरी जपून ठेवावेत.

मी हे सारे केले आहे. शिवाय काकांचा क्रमांक आजीच्या देवघराशेजारी भिंतीवर ठळक लिहिला आहे. आजीचा विश्वास अर्थात भिंतीवरच आहे.