पिस्तूल, वैयक्तिक संरक्षणाचे
एका हाताने धरून झाडता येणारे आणि कपड्याखाली किंवा पिशवीत बाळगता येण्याइतके आटोपशीर अग्निशस्त्र. मराठीत ‘पिस्तूल’ ही संज्ञा सैलपणे वापरली जाते; तिच्यात रिव्हॉल्व्हर (फिरत्या दंडगोलातील खोबणींत काडतुसे ठेवणारे) व स्वयंभरित पिस्तूल (मुठीतील पेटीतून काडतूस आपोआप नळीत घेणारे) हे दोन्ही प्रकार येतात. निवडीच्या दृष्टीने मात्र त्यांतील भेद महत्त्वाचा आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याचा या शस्त्राशी संबंध जुना आहे. गणेशखिंड येथे २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडणारे दामोदर हरी चाफेकर हे चिंचवडचे. शस्त्र लहान असण्याचे महत्त्व त्याहून स्पष्ट दिसले ते नासिकला. लंडनच्या ‘इंडिया हाउस’मधून वि. दा. सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर १९०९ मध्ये वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठविली. त्यांपैकी एकाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी भरल्या नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध केला. १८७८ च्या शस्त्र अधिनियमाखाली सामान्य हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी होती, तो हा काळ.

सध्या १९५९ चा शस्त्र अधिनियम व २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत. परवाना हा हक्क नसून सवलत समजली जाते. जिवाला खरोखर धोका असल्याचे अर्जदारास दाखवून द्यावे लागते. अर्ज पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे व अन्यत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो. पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले व चाकण, आळंदी, देहूरोड आणि तळेगाव दाभाडे ही ठाणी त्याच्या कक्षेत आली. एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या २०१९ च्या दुरुस्तीने तीनवरून दोनवर आणली गेली व परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तत्सम आवरणात, पूर्णतः झाकलेले व धारकाच्या ताब्यात असले पाहिजे. म्हणजे शस्त्र दिसू न देणे ही येथे धारकाची हौस नसून त्याचे कर्तव्य आहे. लग्नाच्या वरातीत ते उंचावून मिरविणाऱ्यास हे सहसा ठाऊक नसते. आनंदोत्सवातील बेपर्वा गोळीबारास आता दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

परदेशी ग्रंथांत या कामासाठी ९ मिमी. पिस्तुलाची शिफारस आढळते. भारतात ९ मिमी. व ०·३८ इंच हे व्यास सामान्य नागरिकास निषिद्ध आहेत. त्यामुळे निवड बहुधा ०·३२ व ०·२२ इंच व्यासांपुरती उरते. येथे एक घोटाळा नेहमी होतो : रिव्हॉल्व्हरचे ०·३२ चे काडतूस लांब व रुंद कडेचे असते, पिस्तुलाचे (७·६५ मिमी.) आखूड असते, नाव एक असले, तरी ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. खडकीचा दारूगोळा कारखाना (स्थापना १८६९) लहान शस्त्रांची काडतुसे तयार करतो. पोलिसांच्या पंचनाम्यांत वरचेवर येणारी ‘के. एफ.’ ही बुडावरील अक्षरे त्याचीच. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाल्यावर हा कारखाना ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’कडे गेला.

विश्वसनीयता हा निवडीचा पहिला निकष होय. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस फुटले नाही, तर चाप पुन्हा ओढताच दंडगोल फिरून पुढचे काडतूस घोड्यासमोर येते. अडकलेले काढण्याची खटपट लागत नाही. चाप जड असल्याने चुकून झडण्याचा संभवही कमी असतो. उलट नेम मात्र सरावावाचून बिघडतो. स्वयंभरित पिस्तूल चपटे असल्याने कपड्याखाली अधिक चांगले लपते. पण पेटीची कमान सैल झाली, काडतूस जुने असले किंवा पकड ढिली राहिली, की ते अडते. ओतकाम व यंत्रशाळांची धूळ आणि पावसाळ्यातील दमट हवा यांमुळे या भागात तेलपाण्याची हयगय विशेष महाग पडते. अंगाला लागून राहणाऱ्या शस्त्रावर घामाने गंज चढतो. म्हणून ज्या काडतुसांवर भिस्त ठेवावयाची, तीच अधिकृत नेमबाजी-मैदानावर झाडून पाहिल्याखेरीज शस्त्र विश्वासार्ह मानू नये.

वजनाची बाब दिसते तितकी सोपी नाही. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ मध्ये खास स्त्रियांसाठी म्हणून आणलेले ‘निर्भीक’ हे ०·३२ चे रिव्हॉल्व्हर टिटॅनियम मिश्रधातूचे व सु. ५०० ग्रॅ. वजनाचे आहे. हलके शस्त्र दिवसभर बाळगणे सुखाचे, पण त्याचा प्रतिक्षेप हाताला अधिक जाणवतो व दुसरी गोळी नेमावर राहत नाही. त्याची किंमतही त्या वेळी सव्वा लाख रुपयांच्या आसपास होती. ज्या कामगार स्त्रीच्या रात्रपाळीचा दाखला दिला जाई, तिच्या ती आवाक्यापलीकडची होती.

जुने शस्त्र विकत घेताना घोड्याचा अडसर तपासणे अगत्याचे असते. ज्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये असा अडसर नसतो, ते हातातून पडल्यास झडू शकते. त्यामुळे घोड्याखालची खोबण रिकामी ठेवण्याचा प्रघात पडला. होल्स्टरने चाप पूर्ण झाकला पाहिजे. नुसते खिशात टाकलेले पिस्तूल किल्ल्या वा नाणी चापात अडकून झडू शकते.

परवाना मिळण्यास लागणारा काळ व खर्च टाळण्यासाठी काहीजण ‘गावठी कट्टा’ पत्करतात. पुणे परिसरातील तपासांत मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातील उमरटी गावाचे नाव वारंवार पुढे आले आहे. कट्ट्याची नळी काडतुसाचा दाब सोसेल अशा पोलादाची असतेच असे नाही. ती फुटली, तर इजा झाडणाऱ्यालाच होते. विनापरवाना साधे अग्निशस्त्र बाळगल्यास दोन ते पाच वर्षे व निषिद्ध व्यासाचे असल्यास किमान सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याचे शस्त्र घरात ठेवण्याचा अधिकार वारसांना आपोआप मिळत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावे लागते.